पहिले तीन उन्हाळे

एक झाड आठवा. मोठंच असायला हवं असं नाही, आज उभं असायला हवं असंही नाही. ते कुणी लावलं हे मात्र तुम्हाला माहीत असावं. परसातली आजीची लिंबोणी, मामाच्या धुऱ्यावरचा आंबा, शाळेच्या कुंपणाशी कुण्या गुरुजींनी लावलेला कडुनिंब, कुठलंही चालेल. पहिलं जे डोळ्यांसमोर येतं ते बहुधा सोयीचं असतं, म्हणून त्याला थोडा वेळ द्या. दुसरं येईल, तिसरं येईल. ज्या झाडापाशी लावणाऱ्याचा चेहरा आधी दिसतो आणि फांद्या नंतर, ते धरून ठेवा.

श्वास मोजायचे नाहीत, डोळेही मिटायचे नाहीत. उलट नीट बघायचं आहे. माणूस झाडाकडे बघताना वर बघतो. आपण खाली बघू, बुडाशी. तिथली जमीन किंचित खोलगट आहे का? कधीकाळी तिथे आळं होतं. लावणाऱ्यानं खड्डा एका सकाळी खणला असेल, पण ते आळं मात्र पुन्हा पुन्हा भरावं लागलं. ते कुणी भरलं?

लावणाऱ्यानंच भरलं असेल असं धरून चालू नका. वऱ्हाडात झाड लावलं आबाजीनं आणि पाणी घातलं सुनेनं, अशी कितीतरी झाडं आहेत. झाडाला नाव मात्र आबाजीचं. तुमच्या झाडाचं पाणी कुणाच्या डोक्यावरून आलं, याचा शोध घेत थोडा वेळ इथंच थांबा. चेहरा सापडला नाही तर निदान घागर दिसते का बघा.

वऱ्हाडातच का थांबायचं, तेही सांगायला हवं. झाड लावणं जगात कुठंही चांगलंच. पण अमरावती-अकोल्याच्या मातीत ते जगवणं हा वेगळाच उद्योग आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, ही आता बातमी राहिलेली नाही. त्यात ही काळी कपाशीची जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि तिला अशा भेगा पडतात की कोवळ्या रोपाची मुळं त्या ताणात तुटतात. वरून पान कोमेजलेलं दिसेपर्यंत खाली काय झालं ते कळत नाही. म्हणून जाणती माणसं रोपाभोवतीची भेग खुरप्यानं बुजवतात, पाला-पऱ्हाट्या पसरून बुड झाकतात आणि गुरं-बकऱ्यांसाठी बोरीच्या नाहीतर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर आणखी एक अडचण. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते माणसाच्या तोंडी धरवत नाही आणि कोवळ्या मुळीलाही सोसत नाही. तिथे एखाद्या अंगणात तीस वर्षांचा आंबा दिसला तर समजायचं की त्या घरानं स्वतःच्या वाटणीचं गोडं पाणी काही वर्षं त्याच्याबरोबर वाटून घेतलंय.

ही वाटणी थोडा वेळ मनात राहू द्या. हंडाभर पाणी आहे. घरात माणसं आहेत, एक गाय आहे आणि अंगणात गुडघ्याएवढं रोप आहे. रोप काही मागत नाही. ते ओरडत नाही, हंबरत नाही, दाराशी येऊन उभं राहत नाही. तरी कुणीतरी संध्याकाळी भांडी विसळलेलं पाणी फेकून न देता आळ्यात ओततं. असं पहिले तीन उन्हाळे. तीन काढले की बहुतेक झाडं या मातीत आपली आपण उभी राहतात.

माझा समज असा की झाडांभोवतीच्या आपल्या बऱ्याच रीती या तीन उन्हाळ्यांसाठी आहेत. शास्त्रात असं लिहिलेलं नाही. पण रीती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की तसं दिसू लागतं.

अक्षय तृतीयेपासून सुरू करू. खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडात तिला आखाजी म्हणतात. या दिवशी पितरांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात. घरातून गेलेल्यांना या उन्हात तहान लागली असेल, एवढा साधा त्यामागचा भाव. आंब्याचा रसही पहिल्यांदा बहुधा त्याच दिवशी पितरांच्या पानावर वाढला जातो. आळी करून वेलांचं बी टाकायला, फळझाडासाठी जागा नेमायला हाच दिवस चांगला मानतात. पाऊस अजून महिना-सव्वा महिना लांब, विहिरी तळाला गेलेल्या, आणि आदल्या वर्षी लावलेली रोपं नेमकी याच दिवसांत माना टाकायला लागलेली. ज्या दिवशी गेलेल्यांना पाणी द्यायचं, त्याच आठवड्यात रोपाला सर्वांत जास्त पाणी हवं. हे दोन्ही एकत्र कुणी ठरवून आणलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात आजोबांच्या नावानं लावलेलं रोप आहे, त्या घरात घागर पुजून झाल्यावर ते पाणी कुठं जात असेल?

घागरीची गोष्ट निघालीच आहे तर एक शेतकऱ्याची युक्ती. जुनं मडकं घ्यायचं, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घालायची, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून वर झाकणी ठेवायची. पाणी थेंबाथेंबानं मुळाशी झिरपत राहतं आणि उन्हानं उडून जात नाही. ठिबकच्या नळ्या यायच्या कितीतरी आधीपासून ही सोय आहे. पितरांची घागर रिकामी झाल्यावर ती या कामाला लावण्यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

आता मनातल्या झाडाला थोडं वाढू द्या. गुडघ्याएवढं होतं, ते कमरेला आलं, मग खांद्याला. आणि स्वतःला विचारा, याचा सोहळा कधी झाला?

आपण आज झाडाचा सोहळा लावण्याच्या दिवशी करतो. खड्डा तयार, रोप पॉलिथिनच्या पिशवीत, पाहुणे उभे, फावड्याला रिबीन. मातीचे दोन हात टाकले की फोटो. जुन्या रीतींमध्ये असं फार कमी सापडतं. खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी, एखादं नाणं पडायचं, नारळ फुटायचा आणि माणसं कामाला लागायची. थाट असायचा तो पुढे, झाड तगल्यावर.

मत्स्यपुराणाच्या एकोणसाठाव्या अध्यायात वृक्षांच्या उत्सवाचा विधी आहे. झाडांना औषधी पाण्यानं न्हाऊ घालायचं, फुलांनी सजवायचं, वस्त्र गुंडाळायचं, सोन्याच्या सुईनं त्यांचे कान टोचायचे, सोन्याच्या सळईनं काजळ घालायचं आणि सोन्यारुप्याची सात-आठ फळं करून ठेवायची. क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणा. बारशाला, कानटोचणीला लेकराचं जे जे करतो ते सगळं झाडाचं. पण कान टोचायचे तर कान असायला हवेत. कालच्या कोंबाला कसलं वस्त्र गुंडाळणार? हा पान-फांदी धरलेल्या झाडाचा उत्सव आहे.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखला जाणारा स्लीमन जबलपुराकडे अधिकारी होता. पुढे जबलपूर आणि वऱ्हाड एकाच प्रांतात नांदले, म्हणून तो आपल्याला अगदीच परका नाही. १८४४ साली छापलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात त्या मुलखातल्या आमराईची रीत आहे. आमराई लावणारा माणूस आपल्या आंब्याची चव तोवर घेत नसे, जोवर त्यातल्या एका आंब्याचं दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लग्न लागत नाही. लग्न म्हणजे खरं लग्न, भट-ब्राह्मण, जेवणावळी, सगळं. एका म्हाताऱ्यानं विहीर आणि बाग करण्यात सगळा पैसा घातला, मग दागिने विकून, उसने घेऊन हे लग्न लावलं आणि तरी पंगत लहान झाली म्हणून तो शरमला होता, असं स्लीमन सांगतो. इंग्रज अधिकाऱ्याला हे बघून गंमत वाटली असावी. आपणही हसून पुढे जाऊ शकतो. पण जरा त्या म्हाताऱ्याजवळ बसा. झाडाला मोहर येईपर्यंत, कैरी धरेपर्यंत इतकी वर्षं तो थांबला आहे. फळ हाताशी आहे आणि तोंडात टाकायचं नाही. झाड आधी मोठं होऊ द्यायचं, त्याचं घर बसवायचं आणि मग आपण खायचं. लेकीसुनांच्या बाबतीत आपण जे म्हणतो तेच तो झाडाबाबत करत होता.

आपल्याकडच्या बायकांचे सण बघा. ज्येष्ठी पौर्णिमेला सूत गुंडाळतात ते जुन्या वडाला. या कापसाच्या मुलखात ते सूत जणू मातीनंच झाडाला परत पाठवलेलं. (शहरात वडाची फांदी तोडून आणून पाटावर पुजतात, तो प्रकार मला कधीच समजला नाही. ज्याचं आयुष्य मागायचं त्याचाच हात तोडून आणायचा!) कार्तिकात आवळी नवमीला जेवायला बसतात ते सावली देणाऱ्या आवळ्याखाली. आणि कोंडोलीच्या पितांबराची गोष्ट तर वऱ्हाडात पोथी वाचणाऱ्या प्रत्येक घराला पाठ आहे. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातली. शेगावहून गुरूच्या आज्ञेनं निघालेला हा शिष्य कोंडोलीच्या वाळलेल्या आंब्यापाशी उभा राहतो, गाव त्याची परीक्षा बघतं आणि वठलेल्या खोडाला पालवी फुटते. चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मला त्यात एवढंच दिसतं की त्या गावानं देवाकडे मागितलं ते नवं झाड नव्हतं. आहे ते झाड पुन्हा जगावं, हे मागितलं.

आता एक अवघड प्रश्न घेऊ, पण हळूच.

तुमची नाळ कुठे पुरली आहे?

जुन्या घरात याचं उत्तर असायचं. बाळंतीण घरी व्हायची आणि वार अंगणात किंवा परसात पुरली जायची. काही घरी त्या जागेवर झाड लागायचं, काही घरी नुसताच दगड. मोठं झाल्यावर आजी बोट दाखवून सांगायची, ‘थ्या पेरूच्या बुडाशी.’ पेरूचं झाड मग लेकराच्या बरोबरीनं वाढायचं. दोघांची उंची एकत्र मोजली जायची आणि चारेक वर्षांत पेरू पुढे निघून जायचा. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म आता दवाखान्यातला. अमरावतीच्या डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये जन्मलेल्यानं कुठल्या झाडाकडे बोट दाखवावं? याचं दुःख करण्याचं कारण नाही. त्या दवाखान्यांनी किती मायलेकरं जगवली, त्यापुढे पेरूचं झाड फार लहान. तरीही एक जागा मोकळी राहिली आहे. ती मोकळी जागा थोडा वेळ बघा. लगेच भरायला जाऊ नका.

गावरानी आंब्यांना पूर्वी नावं असत. शेंद्र्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, शोपेचा वास येणारा शेप्या. कोयीपासून आलेला प्रत्येक आंबा वेगळा निघतो. दोन सख्ख्या भावांची चव जुळत नाही, म्हणून प्रत्येकाला नाव द्यावंच लागे. कलमाचा आंबा मात्र सगळीकडे सारखा, त्याला बागवानाच्या चिठ्ठीवरचं नाव पुरतं. या गावरानी आंब्यांच्या पलीकडे एखादा आंबा असायचा, ज्याला चवीचं नाव नसून माणसाचं असायचं. ‘बुढ्याचा आंबा.’ कोणता बुढा? सांगणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. खापरपणजा असेल, किंवा ज्याच्याकडून शेत घेतलं त्याचा कोणी. नाव पुसलं गेलं, नातं तेवढं उरलं. वर्षश्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावं घेतो आणि तिथंच थांबतो. आंबा त्याच्या पुढे जातो.

अशा आमरायांपैकी पुष्कळ आरा मशीनवर गेल्या. वरूड-मोर्शीकडे त्यांच्या जागी संत्रा आला. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून जंभेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं गाड्या भरभरून निघतात. संत्र्यानं या पट्ट्याला पैसा दिला, शाळा-कॉलेजं दिली, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण संत्र्याची बाग वीस-पंचवीस वर्षांत थकते, पाणी तुटलं तर त्याआधीच. म्हणजे झाड निवडताना आपण नकळत आठवणीचं आयुष्यही निवडत असतो. संत्रा लावला तर एक पिढी. आंबा किंवा चिंच लावली तर नातवंडांची नातवंडं. सागवान लावला तर तो कापायच्या दिवसापर्यंत, कारण सागवान कुणी सावलीसाठी लावत नाही.

सागवानाची गोष्ट मेळघाटात वेगळीच आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतले कोरकू लोक गेलेल्या माणसाला पुरतात. काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, घराची ऐपत झाली की सिडोलीचा विधी करतात. त्यासाठी सागवानाची फळी कोरून घेतात. तिला मुंडा म्हणतात. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस, नाचणाऱ्यांच्या रांगा. हा मुंडा गावाच्या ठरलेल्या झाडाखाली उभा करतात. तिथे आधीच्यांचे मुंडे असतातच, काही अजून ताठ, काही वाळवीनं अर्धे केलेले, काहींची नुसती खुंटं.

इथे सावकाश थांबा. हे स्मारक लाकडाचं आहे, म्हणजे ते कधीतरी मातीत मिळणार हे करणाऱ्याला ठाऊक आहे. दगडाचं करता आलं असतं, सातपुड्यात दगडाला काय तोटा? पण झाडापासून घेतलेलं लाकूड झाडाच्याच बुडाशी कुजतं आणि त्या झाडात जातं. विधीही मरणाच्या घाईत उरकायचा नसतो. दुःख जरा निवल्यावर, दाणा-पैसा जमल्यावर, पाहुण्यांना बोलावून. मधल्या काळात घर त्या माणसाचं देणं डोक्यावर घेऊन जगतं. आमराईचं लग्न लावणारा म्हातारा आणि सिडोलीसाठी पैसे साठवणारं कोरकू घर, दोघांनाही उशीर लागतो आणि दोघंही त्या उशिरात काम करत असतात.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठून खाली अकोट तालुक्यात आली. पुढे आणखी काही गावं आली. वाघासाठी ते आवश्यक होतं की नाही, मोबदला पुरेसा होता की नाही, हे वाद मोठे आहेत आणि इथे मावणार नाहीत. मनात फक्त एवढं आणा की तुम्ही एक घर आहात आणि गाडी भरताय. भांडी येतील, जनावरं येतील, दारं-चौकटी उपसून आणता येतील. ठरलेलं झाड येणार नाही. सपाटीच्या नव्या गावात आता दुसरं झाड ठरवायचं आहे. कुठलं ठरवाल? कसं ठरवाल? जे आधीच मोठं आहे त्याखाली तुमचं कुणी नाही. जे लावाल त्याची सावली पडायला वीस वर्षं.

सपाटीवर आता आणखी एक रीत रुजते आहे. तिसऱ्या दिवशी सावडल्यावर रक्षा नदीत न सोडता शेतात नेतात, खड्ड्यात घालतात आणि वर रोप लावतात. नदी स्वच्छ राहते, आणि ‘बाबा इथं आहेत’ असं म्हणायला जागा होते. रीत चांगली. पण शेतकऱ्याच्या डोक्यानंही बघायला हवं. राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन आधीच तशी. सगळी रक्षा एकाच खड्ड्यात ओतली तर रोपाचं भलं होत नाही. मूठभर खड्ड्यात, बाकीची रानभर पसरावी. बाबांनी जन्मभर सगळं रान कसलं असेल, तर त्यांना एका खड्ड्यात कोंबण्याचंही कारण नाही.

रक्षेच्या रोपाला बहुतेक वेळा लोखंडी जाळी आणि वर पाटी असते, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. अमरावती-अकोल्याच्या नव्या वसाहतींत फिरा आणि अशा पाट्या वाचत जा. कुठे पाटी आहे, जाळी आहे, आत झाड नाही. कुठे झाड इतकं फोफावलं की जाळी सालीत रुतली आहे आणि ती काढायची कुणाला आठवण नाही. दोन्हीकडे चूक एकच, त्या दिवसानंतर तिथे कुणी आलेलं नाही. आठवणीची वस्तू म्हणून आपण तसबीर भिंतीला लावतो, ती धूळ खात का होईना टिकते. झाड तसं टिकत नाही. त्याच्याकडे जावं लागतं.

सरकारी मोहिमांबद्दलही दोन शब्द, कारण त्या टाळून झाडांवर लिहिता येत नाही. १९५० मध्ये अन्न व शेती खात्याचे मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. दोन वर्षांनी शेती खातं आपल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांकडे आलं. महाराष्ट्रात २०१६ साली १ जुलैला दोन कोटी, मग २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं गेलं. आकडे वाचताना दडपायला होतं. पण हे सगळे लावण्याचे आकडे. तिसऱ्या मे महिन्यात किती उभी होती, हा आकडा फलकावर येत नाही, कारण मे महिन्यात समारंभ नसतो.

त्यातल्या त्यात मला पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं रानमळा गाव पटतं. तिथे झाड माणसाच्या प्रसंगाला बांधलं गेलं. मूल झालं की शुभेच्छा वृक्ष, लग्न झालं की शुभमंगल वृक्ष, परीक्षा पास झाली की आनंद वृक्ष, सासरी गेलेल्या मुलीची माहेरची झाडी, आणि कुणी गेलं की स्मृती वृक्ष. नावं जरा परिपत्रकी वाटतात खरी, आणि पुढे त्यांचं परिपत्रक निघालंही. पण घरातलं एक माणूस त्या झाडाला बांधलं गेलं की पाण्याचा प्रश्न अर्धा सुटतो. राजस्थानातल्या पिपलांत्रीतही हेच दिसतं. २००६ पासून तिथे मुलगी जन्मली की १११ झाडं लावतात, आणि त्यामागे तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवालांच्या गेलेल्या लेकीची, किरणची आठवण आहे. आपल्या राज्याच्या कन्या वन समृद्धी योजनेत मुलगी झालेल्या शेतकरी घराला दहा रोपं मिळतात, पाच सागवान, दोन आंबे आणि फणस, जांभूळ, चिंच प्रत्येकी एक. या यादीकडे नीट बघा. सागवान तिच्या लग्नासाठी किंवा शिक्षणासाठी कापायचे. आंबा-चिंच ती माहेरी आल्यावर खाली बसायला. फणस वऱ्हाडाच्या उन्हात कितपत तगेल, ही शंका मी इथे नोंदवून ठेवतो.

आता पहिल्या झाडाला सोडा. त्याचं काम झालं. एक मोकळी जागा आठवा, जिथे तुम्हाला खरंच जाता येतं. कल्पनेतली जागा नको. दाराशी, शेतात, सोसायटीच्या मागे, जिथे आठवड्यातून दोनदा पाय पडतात अशी. तिथली माती कशी आहे? पाणी गोडं की खारं? खारपाणपट्ट्यात असाल तर आंब्याचा हट्ट सोडा. कडुनिंब, बोर, बाभूळ यांचा विचार करा. खड्डा आत्ता नको. तो उन्हाळ्यात काढून ठेवा, महिनाभर तापू द्या, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस पडून वाफसा आला की मग रोप. एक माणूस मनाशी धरा. गेलेलं असेल, आलेलं असेल, दूर गेलेलं असेल. नाव पाटीवर लिहू नका, ते आपल्यापाशी असू द्या.

लावायच्या दिवशी कुणाला बोलावू नका. नारळ घरच्या घरी फोडा. मग पहिला मे, दुसरा मे, तिसरा मे. मधे तुम्ही गावाला गेलात तर हंडा कोण उचलणार, हे शेजारणीशी आधीच बोलून ठेवा आणि तिला कैऱ्यांचा वाटाही कबूल करा. तिसरा उन्हाळा निघाला आणि झाड उभं असलं, तर पुढच्या ज्येष्ठात सगळ्यांना बोलवा. सूत गुंडाळा, जेवण घाला, हवं तर त्याचे कान टोचा. बोलावणं कुणाकुणाला धाडायचं ती यादी आजच करून ठेवायला हरकत नाही. फक्त शेजारणीचं नाव तिच्यात सर्वांत वर असावं.